पोरगं व्हायोलिन वाजवतंय, आता पुढं काय करावं? (कोल्हापूर, जरा मोठं लिहिलंय)

उद्यमनगरकर

मंडळी नमस्कार. आधीच सांगून टाकतो, मी गाण्यातला माणूस न्हाई. उद्यमनगरात टर्निंगचं छोटं वर्कशॉप आहे माझं, दोन लेथ, एक मिलिंग, तीन पोरं कामाला. घरात गाण्याचं म्हणाल तर आमचे वडील भजनात टाळ वाजवायचे, संपला विषय. आणि आता आमचं पोरगं १९ वर्षांचं झालंय, बीकॉमच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि म्हणतंय मी व्हायोलिनच वाजवणार, ते पण हिंदुस्थानी शास्त्रीय. मी नको म्हणत नाही ओ, पण नेमकं हो कशाला म्हणायचं तेच कळंना झालंय म्हणून इथं लिहितोय. चहा घेऊन बसा.

तिसरीत होता तेव्हा राजारामपुरीत एका पाहुण्यांच्या घरी व्हायोलिन बघितलं आणि हट्ट धरला. मला वाटलं महिन्याभरात सुटंल. अर्ध्या साईजचं घेऊन दिलं. पहिलं दीड वर्ष घरात काय चाललं होतं ते शेजाऱ्यांना विचारा, मोकळ्या तारेवर नुसता गज ओढायचा, या टोकापासून त्या टोकापर्यंत आणि परत, बोट ठेवायचं नाही की गाणं नाही. आमची आई म्हणायची, अरे त्याला जरा तेल सोडा. एकदा मी सरांना विचारलं गाणं कधी शिकवणार, तर म्हणाले आधी आवाज तर येऊ दे. ते मला पटलं, कारण आमच्याकडं पण नवीन पोराला पहिले काही महिने कानस मारायलाच लावतो आपण, मशीनला हात लावू देत नाही.

मग मलाच त्यात रस यायला लागला, पण वेगळ्या कारणानं. या वाद्याला पडदेच नाहीत. सतार-गिटारला बोट कुठं ठेवायचं ते ठरलेलं असतं, इथं नुसती गुळगुळीत पट्टी. आमच्याकडं व्हर्नियर असतो, मायक्रोमीटर असतो, याच्याकडं फक्त कान, आणि बोट थोडं जरी सरकलं तरी सूर गेला. दोन थाउवर (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) जॉब रिजेक्ट झालेला मी बघितलाय, पण हे तर रोजचं, दर सेकंदाचं.

एक फजिती सांगतो. तो आठवीत होता तेव्हा मी शहाणपणा करून वाद्य साफ करायचं म्हणून चारी तारा एकदम काढल्या. आत कायतरी टक्कन पडलं. पोरगं ओरडलं, रडायलाच लागलं. आत एक लाकडाची काडी उभी असते, पेन्सिलीएवढी जाड, तिला साउंड पोस्ट म्हणतात हे मला त्या दिवशी कळलं, ती चिकटवलेली नसती, तारांच्या दाबावर नुसती उभी असती. तारा कधी पण एकेकच काढायच्या. मग मी लेथवर बसून एक वाकडा हूक बनवला आणि त्या एफच्या आकाराच्या फटीतून दोन रात्री खटपट करून ती काडी उभी केली. उभी राहिली, पण आवाज पहिल्यासारखा येईना, शेवटी पुण्याला नेऊन बसवून आणली. कारागिरानं हूक मात्र मागून घेतला बघायला.

असो. आठ वर्षं इथल्या सरांकडं झाली, गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा देत देत विशारद झालं. सर स्वतःच म्हणाले माझ्याकडचं संपलं, आता पुण्याला जा. गेली दोन वर्षं दर रविवारी पुण्याला जातो, शनिवारी रात्रीची एसटी, रविवारी रात्री परत, सोमवारी सकाळी कॉलेजात झोपतो. घरी रोज पहाटे अडीच तास आणि रात्री दोन तास.

आता मूळ प्रश्न. फेब्रुवारीत त्याचा पहिला स्वतंत्र कार्यक्रम झाला, एका छोट्या सभागृहात, ४० मिनिटं, यमन राग. माणसं ३५, त्यातली २० आमची. टाळ्या पडल्या, मला तर लई भारी वाटलं. संपल्यावर पुढच्या रांगेतले एक आजोबा उठले, त्याच्या पाठीवर हात ठेवला, म्हणाले "हात चांगला आहे" आणि निघून गेले. मला वाटलं कौतुक केलं. पोरगं त्या दिवसापासून गप्प आहे. विचारलं तर म्हणतंय "पप्पा, तुम्हाला नाही कळणार."

आणि त्याच महिन्यात एका इव्हेंटवाल्या ग्रुपकडून ऑफर आली. लग्नं, रिसेप्शन, कंपन्यांचे कार्यक्रम. इलेक्ट्रिक व्हायोलिन ते देणार, उभं राहून सिनेमाची गाणी वाजवायची, मागं ट्रॅक आणि कीबोर्ड. रात्रीचे ५ हजार, तुळशीच्या लग्नापासून मेपर्यंत २५ तारखा तरी देतो म्हणतात. आमच्यासारख्या घराला ही रक्कम लहान नाही, चांगलं वाद्य घ्यायचं तर लाखाच्या पुढं जातंय. पुण्याच्या गुरुजींना विचारलं तर ते एवढंच बोलले, "तुझं तू बघ."

तर घ्यावी का न घ्यावी? आणि शास्त्रीय व्हायोलिनवाल्याचं पोट कधी आणि कशावर भरतं हे कुणी खरं खरं सांगेल का?

लेहरावाला

काका, मी सांगलीचा, व्हायोलिन आणि हार्मोनियम दोन्ही वाजवतो, तबल्याच्या क्लासना लेहरा (तालाबरोबर परत परत फिरणारी सुरावट) धरतो म्हणून हे नाव. मी अशा ग्रुपमध्ये चार सीझन काढलेत त्यामुळे आतली बाजू सांगू शकतो.

पैसे खरे आहेत, वेळेवर मिळतीलच असं नाही पण मिळतात. माझं आत्ताचं वाद्य त्याच पैशातून आलंय त्यामुळं मी नावं ठेवणार नाही. पण कार्यक्रम ८ चा म्हणून सांगतात, नवरानवरी १० ला येतात, तुम्ही १२ पर्यंत वाजवता, मग जेवण, मग सगळं सामान टेम्पोत भरायचं, घरी ३ वाजता. मग पहाटेचा रियाज कुठला? सकाळी ११ ला उठायचं आणि डोकं जड. २५ तारखा म्हणजे २५ रात्री नव्हे हो, ५० सकाळी जातात.

दुसरी गोष्ट कुणी सांगत नाही म्हणून सांगतो. कीबोर्डचे सूर समान वाटून लावलेले असतात. तानपुरा नीट लावला की खर्जाच्या तारेतून आपोआप जो गंधार (सारेगमतला ग) ऐकू येतो ना, त्याच्यापेक्षा कीबोर्डचा गंधार साधारण १४ सेंट चढा असतो (दोन लागोपाठ पट्ट्यांमधल्या अंतराचे १०० भाग केले तर त्यातले १४). तुमच्या भाषेत चांगले बरेच थाउ झाले. यमनचा गंधार तुमच्या पोरानं दहा वर्षं घासून जागेवर बसवलाय, आणि रात्रभर कीबोर्डबरोबर वाजवताना तो चढा लावावा लागतो नाहीतर तूच बेसूर वाटतोस. मला पहिल्या सीझननंतर आमच्या सरांनी पहिल्याच आलापात पकडलं. म्हणाले कुठं जाऊन आलास?

तरीपण मी म्हणेन १९ व्या वर्षी थोडा पैसा हातात आला तर घरात बोलायला तोंड राहतं. पंचवीस नको, पाच-सहा तारखा घे म्हणावं, ते पण परीक्षा आणि गुरुजींचा रविवार सोडून. आणि ॲडव्हान्स घेतल्याशिवाय कपाटातून वाद्य काढू नये.

जुना_श्रोता_मंगळवारपेठ

ते आजोबा मी नव्हे, आधीच स्पष्ट करतो. पण असू शकलो असतो.

"हात चांगला आहे" याचा आमच्या पिढीत अर्थ असा की तयारी आहे, बोटं पळतात, गज सफाईदार आहे, पण गाणं अजून दिसलं नाही. तुमच्या मुलाला ते बरोबर कळलं. वाईट वाटलं म्हणजे कान तयार आहे. ज्याला कळलंच नसतं तो त्याच वाक्याचं स्टेटस ठेवून मोकळा झाला असता.

आता जरा विषयांतर करतो, वय झालंय, चालवून घ्या. व्हायोलिन परकं वाद्य असं लोक म्हणतात, आणि दक्षिणेत ते दोनशे वर्षांपूर्वी आलं हे खरंच. पण हिंदुस्थानी व्हायोलिन गाण्यासारखं वाजवायचं, ज्याला गायकी अंग म्हणतात, त्याची मुळं बघायला गेलात तर फिरून आपल्याच जिल्ह्यात येता. विष्णु दिगंबर पलुसकर जन्मले कुरुंदवाडला, १८७२ साली. लहानपणी दारूकामानं डोळे अधू झाले, मग मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले. पुढे १९०१ ला लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. त्यांचे शिष्य गायक ओंकारनाथ ठाकूर. ओंकारनाथांकडे शिकल्या एन. राजम, ज्यांचं घरातलं शिक्षण कर्नाटक पद्धतीचं होतं आणि ज्यांनी ओंकारनाथांचा गळा तारेवर आणायचा ध्यास घेतला. दुसरीकडे बाळकृष्णबुवांचेच शिष्य अंतूबुवा जोशी, आणि त्यांचे चिरंजीव गजाननराव जोशी. गजाननराव गायचेही आणि व्हायोलिनही वाजवायचे, दोन्ही तोलामोलाचं. शिवाय ते भूर्जीखाँसाहेबांकडे शिकले, म्हणजे अल्लादियाखाँसाहेबांच्या घरात, आणि शाहू महाराजांच्या आश्रयानं ते घर कुठल्या गावात नांदलं हे मी कोल्हापूरकरांना सांगायला नको. डी. के. दातारांचं व्हायोलिन ऐकलं तर दत्तात्रय विष्णु पलुसकरांच्या (विष्णु दिगंबरांचे चिरंजीव) गाण्याची सावली त्यावर सरळ दिसते.

हे सगळं सांगायचं कारण, यातल्या प्रत्येक वादकाच्या वाजवण्यामागे गाणं आहे. तुमचा मुलगा गाणं शिकलाय का? म्हणजे स्वतःच्या गळ्यानं? वाजवतो त्या विलंबित बंदिशीचे शब्द त्याला पाठ आहेत का? शब्द माहीत नसले की गज कुठं उलटायचा ते हात ठरवतो. शब्द माहीत असले की श्वास ठरवतो. ४० मिनिटांच्या यमनात त्यानं पहिली तान (सुरांची जलद धाव) कितव्या मिनिटाला घेतली ते आठवून बघा.

आणि ३५ श्रोते म्हणजे कमी नाहीत. केशवराव भोसले नाट्यगृह २०२४ च्या ऑगस्टमध्ये जळालं तेव्हा अख्खं कोल्हापूर रडलं, मीही रडलो, पण त्याच गावात आम्ही बारा-पंधरा माणसांत बसून बैठका ऐकल्यात आणि कलाकार जीव ओतून गायलेत. पोराला देवल क्लबात ऐकायला पाठवा. १८८३ ची संस्था आहे, तिथं नुसतं बसलं तरी काहीतरी अंगाला लागतं. मिरजेला दर्ग्यात अब्दुल करीमखाँसाहेबांच्या स्मृतीत उरुसाला गाणं असतं, तिथं रात्र काढू दे. औंधचा महोत्सव आहे. वाजवायला नव्हे, ऐकायला.

लग्नातल्या वाजवण्याबद्दल माझं मत विचाराल तर नको. पण मला पेन्शन आहे, त्यामुळे माझं मत स्वस्त आहे.

भावड्या_९

जुना श्रोता काका नाद खुळा लिहिलंय. पण कुरुंदवाड-इचलकरंजीनं पोट भरत नाही 😅 उद्यमनगरकर, भावा, आधी बीकॉम पूर्ण करू दे त्याला. सीए-बिए नको म्हणत असला तरी डिग्री हातात पाहिजे.

उद्यमनगरकर

बीकॉम करालंय की, सोडत नाही म्हणालंय. जुना श्रोता, तुम्ही म्हटल्यावर मी मोबाईलवरचं रेकॉर्डिंग काढून बघितलं. पहिली तान नवव्या मिनिटाला. हे लवकर का उशिरा?

जुना_श्रोता_मंगळवारपेठ

४० मिनिटांत नवव्याला. मला उत्तर द्यायला लावू नका.

कॉलेजातला_एक

मी एका कॉलेजात सांस्कृतिक विभाग बघतो म्हणून कामाचं तेवढं लिहितो. युवा महोत्सवात शास्त्रीय स्वरवाद्य वादन हा प्रकार असतो, आधी जिल्हा, मग शिवाजी विद्यापीठाचा मध्यवर्ती, तिथून पुढं पश्चिम विभाग आणि राष्ट्रीय. बीकॉमला असताना हे करता येतं आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातच करून घ्या, नंतर ती दारं बंद होतात. आकाशवाणीची संगीत स्पर्धा १६ ते २४ वयासाठी असते. आकाशवाणीची ऑडिशन वेगळी, त्यात बी, बी हाय, ए आणि टॉप असे ग्रेड मिळतात आणि आयोजक अजूनही ते विचारतात. केंद्राच्या संस्कृती खात्याची तरुण कलाकारांची शिष्यवृत्ती आहे, सीसीआरटी या त्यांच्या संस्थेमार्फत, वय १८ ते २५, महिना ५ हजार, दोन वर्षं. पुण्याचं जाणं-येणं आणि तारा-बिरा त्यात सुटतात. फॉर्मवर गुरूंची सही लागते, तिथं "तुझं तू बघ" म्हणणार नाहीत बहुतेक.

मात्र एक. स्पर्धेसाठी १० मिनिटांत सगळं दाखवायची सवय लागते, आलाप दोन मिनिटं, मग 'झाला' (शेवटचं जलद वादन) आणि टाळ्या. आमच्याकडं बक्षीस घेऊन गेलेली पोरं पुढं तासभर बसून वाजवू शकत नाहीत, असं मी डोळ्यांनी बघितलंय. तुमच्या पोराच्या नवव्या मिनिटाचं मूळ तिथं पण असू शकेल. स्पर्धा किती केल्या आत्तापर्यंत?

उद्यमनगरकर

लई केल्या. कपाटावर ढाली मावत नाहीत.

चौथी_तार

मी मूळची इचलकरंजीची, आता पुण्यात, वय ३१, व्हायोलिनच वाजवते आणि त्यावरच जगते, त्यामुळे काकांच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मी देते, कारण बाकी सगळे तो टाळून पुढे गेलेत.

माझं पोट कशावर भरतं: शिकवणं. अर्ध्याहून जास्त. आठवड्याला १४ विद्यार्थी प्रत्यक्ष, ६ ऑनलाईन, त्यातले तीन परदेशातले मराठी लोक, ते आपल्या पहाटे शिकतात म्हणजे त्यांची संध्याकाळ असते. मग साथ: नाट्यसंगीत, भावगीतांचे कार्यक्रम, कथकच्या मुलींना लेहरा, कधी स्टुडिओत रेकॉर्डिंग. आणि ज्यासाठी हे सगळं चाललंय ते स्वतंत्र वादन, ते वर्षाला आठ-दहा वेळा, त्यातल्या निम्म्या ठिकाणी मानधन म्हणजे प्रवासखर्च, शाल आणि नारळ. माझ्याकडे १७ शाली आहेत, कुणाला पाहिजे असतील तर सांगा. घरून पैसे मागणं बंद झालं तेव्हा मी २६ वर्षांची होते. हे असं आहे, याच्यापेक्षा गोड करून सांगता येत नाही.

आता ऑफरबद्दल. लेहरावाला गंधाराचं बोलले ते अगदी खरं, मी त्यात हाताचं सांगते. आपण मांडी घालून बसतो, वाद्य खांदा-छाती आणि उजवा पाय या दोन टोकांवर टेकलेलं असतं. म्हणजे डाव्या हाताला वाद्य धरायचं कामच राहत नाही, तो मोकळा. म्हणूनच मींड घेता येते, अख्खा हात तारेवरून लांबपर्यंत घसरत जातो आणि परत येतो. उभं राहिलं की वाद्य हनुवटी आणि खांद्यात दाबून धरावं लागतं. पाश्चात्य पद्धतीवाले लहानपणापासून तसंच शिकतात, त्यांचं सगळं तंत्र त्यावर बसलेलं आहे. आपल्या मुलाला एकदम उभं केलं की तो नकळत डाव्या हातानं वाद्य सावरायला लागतो, अंगठा घट्ट होतो आणि मींड तुटक. वर मान आणि खांदा धरतो ते वेगळंच. मी एक सीझन केलं, त्यानंतर अंगठा सैल व्हायला चार महिने गेले. त्यामुळे घ्यायचंच असेल तर बसून वाजवीन आणि माझंच वाद्य पिकअप (वाद्याला लावायचा छोटा माईक) लावून वाजवीन, ही अट घाला. ऐकतात लोक, हल्ली बसून वाजवणारा पण "क्लासी" दिसतो म्हणे.

सिनेमाची गाणी, भावगीतं वाजवणं कमी दर्जाचं असं मात्र मी मानत नाही. प्रभाकर जोगांनी (शास्त्रीय व्हायोलिनवाले व्ही. जी. जोग वेगळे हो, दोघांत नेहमी घोळ होतो) आपल्या कोल्हापूरचे बाबूजी, म्हणजे सुधीर फडके, यांच्याबरोबर कितीतरी वर्षं काम केलं, आणि व्हायोलिनवर शब्द ऐकू येतात असं लोक म्हणायचे. ते गाणं वाजवणं आणि लाईट-धुरात ट्रॅकवर वाजवणं यात फरक आहे एवढंच. पोराला रोज एक जुनं भावगीत शब्दांसकट वाजवायला सांगा, ओळ म्हणायची आणि तीच वाजवायची. रियाज म्हणून. जुना श्रोता म्हणतात ते श्वासाचं त्यातून लवकर जमतं.

आणि गुरुजींचं "तुझं तू बघ". माझ्या गुरूंनीही मला हेच सांगितलं होतं आणि मी ते परवानगी समजले. सहा महिन्यांनी कळलं की त्या बघत होत्या मी काय करते ते. त्याला म्हणावं परत एकदा जा, ऑफरचं विचारू नकोस, त्या आजोबांचं सांग. बघ काय म्हणतात.

बो_आणि_बाक

मी पाश्चात्य पद्धत शिकवतो, ताराबाई पार्कात. उभं राहून वाजवण्यावर एवढे रागावू नका, दोष उभं राहण्याचा नाही, न शिकता उभं राहण्याचा आहे. शोल्डर रेस्ट (वाद्याखाली खांद्यावर टेकवायचा आधार) उंचीप्रमाणे नीट लावली तर हात बराच मोकळा राहतो. गजाच्या कामासाठी थोडं वेस्टर्न शिकलं तर हिंदुस्थानीवाल्याचं नुकसान होत नाही, उलट आवाज मोठा आणि भरीव होतो. मुंबईच्या एनसीपीए या कला केंद्रात २००६ पासून सिम्फनी ऑर्केस्ट्रा आहे, एकदा नेऊन पुढच्या रांगेतून नुसते गज बघायला सांगा. सगळे एका दिशेला जातात, तेवढंच बघायलासुद्धा तिकीट वसूल.

चौथी_तार

मान्य. पण लग्नाच्या सीझनच्या आधी आठ दिवसांत शोल्डर रेस्ट लावून होत नाही ना ते.

बो_आणि_बाक

आठ दिवसांत कायच होत नाही 🙂

उद्यमनगरकर

मंडळी, तीन आठवड्यांनी लिहितोय, उशीर झाला. वर्कशॉपला डिलिव्हरी होती.

हा अख्खा धागा पोराला वाचून दाखवला. नवव्या मिनिटाचं आलं तसं ते उठून आत गेलं, मला वाटलं रागावलं. तर रेकॉर्डिंग घेऊन बाहेर आलं आणि आम्ही दोघांनी ४० मिनिटं परत ऐकली. मधी मधी थांबवून मला सांगत होतं, इथं मी घाबरलो, माणसं कंटाळतील असं वाटलं म्हणून तान घेतली. मी म्हटलं कोण कंटाळलं होतं? तर म्हणालं "पप्पा तुम्हीच. मोबाईल बघालता." खरं होतं. वर्कशॉपमधनं फोन आलेला.

रविवारी गुरुजींना आजोबांचं सांगितलं. गुरुजी हसले म्हणे. मग वाद्य बाजूला ठेवायला लावलं आणि दीड तास यमनची बंदिश गाऊन घेतली. पोराला गाता येत नाही हो, आवाज फुटलाय, आई तर म्हणाली त्याला पण तेल सोडा. आता पुढचे सहा महिने रविवारी पहिला तास गाणं, मग व्हायोलिन असं ठरलंय. घरी पण चालू आहे. शेजारी आता म्हणतात व्हायोलिनच बरं होतं.

इव्हेंटवाल्यांना सहा तारखा सांगितल्या, बसून वाजवणार, स्वतःचं वाद्य, १२ च्या आत मोकळं करायचं. पहिल्यांदा नाही म्हणाले. चार दिवसांनी फोन आला, चार तारखा देतो, पण कुर्ता आम्ही देऊ तो घालायचा. कसला कुर्ता ते कळलं नाही, चमकी असंल तर पोरगं घालणार नाही म्हणालंय. बघू. ॲडव्हान्स आलाय, लेहरावाल्यांचे आभार. शिष्यवृत्तीचा फॉर्म आणून ठेवलाय, गुरुजींनी एका झटक्यात सही केली.

चौथी_तार ताई, तुमच्या शालींतली एक आमच्या आईला पाहिजे म्हणाली, चेष्टा न्हाई.

अजून दोन कामाचं विचारायचं होतं. गजाचे केस सारखे तुटालेत, नवीन केस बसवणारा कुणी मिरजेत किंवा इकडं जवळपास माहीत आहे का, दर वेळी पुण्याला गज पाठवायचा म्हणजे पंधरा दिवस पोरगं उसन्या गजावर. आणि पावसाळ्यात आमच्याकडं खुंट्या फुगून अशा अडकतात की फिरवायला गेलं की तार तुटायची भीती. मी एका खुंटीला ग्रेफाईट लावून बघितलं, शिसपेन्सिलीचं. फिरालीय चांगली, पण आता ती सुटायची तर नाही ना?

चौथी_तार

शिसपेन्सिल चालते, बरेच जण लावतात. सुटायला लागली तर थोडा खडू चोळा. पण काका, बाकीच्या तीन खुंट्या एकेकच काढा!